दोन चांदांचे भेटकार्ड



संक्रांतीला आपण तिळगूळ देतो आणि गोड बोला म्हणतो. लांबच्या माणसाला पूर्वी लोक तिळगुळासोबत टपालाने छोटे भेटकार्ड पाठवीत. बाईंनी सांगितले की, विकायची भेटकार्डे १८४३ साली लंडनमध्ये छापली, ती नाताळची होती. पण कार्ड छापलेच पाहिजे असे नाही. ते घरी करता येते. मी कसे केले ते सांगते.

आमच्या सिरोंचाकडे प्राणहिता नदी गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगणा आहे. मिरची तोडायला आपल्या गावांतून पुष्कळ बाया तिकडे जातात. माझी आईपण गेली. आमच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून मी तिला अम्मा म्हणते. ती शाळेत गेली नाही. तिला मराठी वाचता येत नाही आणि तेलुगूपण नाही. तर मंग कार्डावर लिहायचे काय? मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "न लिहिता सांगता येते का ते पाहा."

मी विचार केला. जाताना अम्मा म्हणाली होती, होळीला येते. संक्रांतीनंतर माघाची पुनव येते आणि त्यानंतरच्या पुनवेला होळी. म्हणजे दोन पूर्ण चांद. चांद तर सगळ्यांनाच वाचता येतो.

साहित्य : जुनी लग्नपत्रिका किंवा दुसरा जाड कागद, निळी शाई, जुना दातांचा ब्रश, कंगवा, हळद, अंगाचा साबण, कात्री, बांगडी, भाताची खळ आणि खाली पसरायला रद्दी पेपर.

कृती :

१) कागद १८ सेंटिमीटर लांब व १४ सेंटिमीटर रुंद कापावा. मधोमध घडी घालावी. म्हणजे पोस्टकार्डाएवढे कार्ड होते. लग्नपत्रिकेची कोरी बाजू बाहेर ठेवावी.

२) आता रात्रीचे आभाळ करायचे. कार्ड उघडून पेपरावर पसरावे. ब्रश शाईत बुडवून चांगला झटकावा. कार्डाच्या एक वीत वर कंगवा धरून त्यावर ब्रश घासावा. शाईचे बारीक फवारे उडतात. ब्रश ओला राहिला तर मोठे डाग पडतात. खाली चिंचेचा डहाळा ठेवला आणि नंतर उचलला, तर तेवढी जागा पांढरी राहून झाड दिसते. शाई पूर्ण वाळू द्यावी. मी घाई केली तर बोटे निळी झाली आणि आभाळावर बोटांचे ठसे उमटले.

३) दुसऱ्या कागदाचे दोन तुकडे घ्यावे. अर्धा चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून दोन्हींना लावावी. वाळल्यावर एका तुकड्यावर साबणाचे पाणी फिरवावे. पिवळा कागद लाल होतो! ही जादू नाही. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्क लागला की हळद लाल होते. चुन्यानेही तसेच होते. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते. पिवळा तुकडा माघाच्या चांदाला आणि लाल तुकडा होळीच्या चांदाला. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून तुकडे सावलीत वाळवावे.

४) कार्डाच्या पुढच्या पानावर बांगडी ठेवून दोन गोल आखावे, एक वर व एक खाली. गोलाच्या मध्ये कात्रीचे टोक खुपसावे आणि गोल गोल फिरत रेघेपर्यंत यावे. कात्री फिरवू नये, कागद फिरवावा. म्हणजे कड सरळ येते. गोल घडीला लागू देऊ नये. माझ्या पहिल्या कार्डाचा गोल घडीवर आला, घडीच कापली गेली आणि कार्ड फाटून हातात आले. मला रडू आले. नानम्मा म्हणजे माझी आजी म्हणाली, "रडू नको, पत्रिका आणखी आहे."

५) चांदण्यांसाठी छोटी भोके पाडावी. छापखान्यात अशा कामाला धारदार पोलादी साचा असतो. तो कागदावर दाबला की एकसारखे आकार कापून निघतात. आपल्याकडे बाजारात चप्पल शिवणाऱ्या काकांजवळ पट्ट्याला भोक पाडायचे हत्यार असते. ते कागदावर ठेवून वरून हातोडी मारली की बारीक गोल तुकडा पडतो. तोही एक साचाच. काकांनी मला सात चांदण्या पाडून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

६) शेवटी वरच्या गोलामागे पिवळा आणि खालच्या गोलामागे लाल तुकडा खळीने चिकटवावा. वहीखाली रात्रभर दाबून ठेवावा, म्हणजे कार्ड वाकत नाही.

फवारे आधी मारावे, गोल मागून कापावे. 

शेजारच्या काकू जीपने मिरची तोडायला निघाल्या, तेव्हा मी कार्ड आणि तिळगुळाची पुडी त्यांच्याजवळ दिली. फोनवर अम्मा बोलते, पण फोन मुकादमाचा आहे. फोन ठेवला की बोलणे संपते. कार्ड तिच्याजवळ राहते.

माझ्या मनात भीती होती, अम्माला समजेल का? माघाची पुनव झाल्यावर काकूंना ताप आला म्हणून त्या परत आल्या. मी पळतच गेले. काकू म्हणाल्या, "तुझ्या अम्माने कार्ड झोपडीच्या खांबाला बांधले आहे. पुनवेच्या रात्री तिने वरच्या चांदाला कुंकू लावले."

आता खालचा चांद राहिला.

मुलांनो, तुमचेही कोणी तिकडे गेले असेल तर असे कार्ड करा. एक पैसा लागत नाही. आणि पालकांनो, कार्ड आले तर त्याला कुंकू लावा, म्हणजे आम्हांला समजते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी