टॅब्लेटवरचे मासिक आणि आपली देवनागरी



छापील मासिकाचे पान एकदा छापले की त्याचा आकार कायमचा ठरतो. टॅब्लेटचे तसे नाही. वाचक तो कधी उभा धरतो, कधी आडवा. कुणाचा पडदा मोठा असतो, कुणाचा लहान. मग एकच अंक सगळीकडे नीट कसा दिसावा? 3 एप्रिल 2010 रोजी अमेरिकेत अॅपल कंपनीचा आयपॅड विक्रीस आला आणि मासिके काढणाऱ्यांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या सोयी आल्या, त्यांची ओळख या पाठात करून घेऊ. त्यांतली एक सोय आपल्या मराठीच्या फार उपयोगाची आहे.

चित्रांचे पान

मे 2010 मध्ये ‘वायर्ड’ या अमेरिकन मासिकाचा आयपॅडवरील पहिला अंक निघाला. तो अडोबी कंपनीच्या साधनांनी तयार केला होता. अंक देखणा होता, पण त्याचा आकार सुमारे 500 मेगाबाइट होता. सर्वांत स्वस्त आयपॅडची साठवण 16 गिगाबाइट. म्हणजे दुसरे काहीही न ठेवता असे फार तर 32 अंक मावले असते!

अंक इतका जड का झाला? एक कारण चलचित्रांचे. दुसरे असे, की प्रत्येक पान हे एक चित्रच होते, आणि उभ्या व आडव्या पडद्यासाठी चित्रे वेगवेगळी होती. थोडे गणित करू. पहिल्या आयपॅडच्या पडद्यावर 1024 × 768, म्हणजे 7,86,432 बिंदू होते. एका बिंदूच्या रंगाला 3 बाइट धरल्या, तर एका चित्राला 23,59,296 बाइट लागतात. हेच पान 300 शब्दांचा साधा मजकूर म्हणून साठवले, तर अंदाजे 2,000 चिन्हे होतील. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला 3 बाइट लागतात. म्हणजे एकूण 6,000 बाइट! चित्र दाबून पुष्कळ लहान करता येते हे खरे, तरी फरक मोठाच राहतो. मार्च 2012 मध्ये आलेल्या आयपॅडवर बिंदूंची संख्या चौपट झाली आणि ही अडचण आणखी वाढली.

सुधारणा कोणत्या झाल्या?

2011 साली अडोबीच्या ‘इनडिझाइन’ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधूनच टॅब्लेटचा अंक बांधण्याची सोय झाली. अशा अंकाला ‘फोलिओ’ म्हणत. बोट आडवे सरकवले की पुढचा लेख, उभे सरकवले की त्याच लेखाचे पुढचे पान. पानावर चित्रमालिका, ध्वनी, चलचित्र, बोटाने फिरवून सर्व बाजूंनी पाहता येईल अशी वस्तू, चौकटीत वरखाली सरकणारा मजकूर हे सारे ठेवता येऊ लागले. पुढे पाने पीडीएफ स्वरूपात ठेवता आल्याने अंक हलके झाले आणि मोठे करून पाहिले तरी अक्षरे स्पष्ट राहू लागली.

2012 च्या ‘इनडिझाइन सीएस 6’ मध्ये एकाच फाइलमध्ये उभी आणि आडवी अशा दोन्ही मांडण्या ठेवण्याची, तसेच पानाचा आकार बदलला की चौकटी नियमाप्रमाणे आपोआप जुळवून घेण्याची सोय आली. याच आवृत्तीत मराठी, हिंदी, गुजराती, कन्नड अशा दहा भारतीय भाषांची अक्षरजुळणी करणारा विभाग आला आणि सोबत ‘अडोबी देवनागरी’ हा टंकही मिळाला.

अक्षरजुळणीचे महत्त्व

‘धर्म’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो ध, र, हलन्त, म अशा चार चिन्हांनी साठवला जातो. र चा रफार करून तो म च्या डोक्यावर चढवणे हे काम सॉफ्टवेअर आणि टंक मिळून करतात. ‘मि’ लिहिताना वेलांटी म च्या आधी दिसते, पण साठवणीत ती म च्या नंतर असते. म्हणजे साठवण उच्चाराच्या क्रमाने आणि दर्शन लिपीच्या नियमाने. ही जुळणी सॉफ्टवेअरला येत नसेल, तर जोडाक्षरे फुटतात.

जुन्या टंकांनी यावर एक आडवाट काढली होती. कृतिदेव टंकात ‘कमल’ दिसते, पण संगणकाच्या लेखी ती डी, ई, वाय ही रोमन अक्षरे असतात. कागदावर छापायला यात काहीच अडत नाही. पण त्या फाइलमध्ये ‘कमल’ शोधू गेलात तर सापडणार नाही, आणि टंक नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल.

पालक व विश्वस्तांसाठी

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या कित्येक मुलांना मराठी बोललेले समजते, पण वाचन सावकाश होते. खरा युनिकोड मजकूर फोन वाचून दाखवू शकतो आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. पानाच्या नुसत्या चित्राने हे साधत नाही.

दुसरा धडा टिकाऊपणाचा आहे. टॅब्लेटसाठीच काढलेले ‘द डेली’ हे वृत्तपत्र फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर 2012 मध्ये बंद पडले. अॅपलचे 2011 मधले ‘न्यूजस्टँड’ 2015 मध्ये गेले. अडोबीची फोलिओ सेवाही आता उरलेली नाही. एखाद्या कंपनीच्या सेवेत बांधलेला अंक त्या सेवेबरोबर नाहीसा होऊ शकतो. साधा मजकूर मात्र कोणत्याही नव्या यंत्रावर पुन्हा मांडता येतो.

म्हणून वार्तापत्राचा अंक छापून झाला की मुद्रकाकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात : पीडीएफ, सर्व लेखांचा युनिकोड मजकूर आणि मूळ छायाचित्रे. नुसत्या पीडीएफवर विसंबू नये. तिच्यातून देवनागरी उतरवून घेताना वेलांट्या आणि रफार जागा सोडतात, असा अनुभव नेहमी येतो. गावोगावी पांगलेल्या माजी विद्यार्थ्यांना पुढे एखादे नाव किंवा कविता या अंकांतून शोधायची झाली, तर तो युनिकोड मजकूरच कामी येईल.

करून पाहा

1. एखाद्या जुन्या मराठी फाइलमधील ओळ उचलून दुसरीकडे चिकटवा. देवनागरी आली की रोमन अक्षरे?
2. ‘विद्यार्थी’ या शब्दात युनिकोडची किती चिन्हे आहेत? हलन्त, काना, वेलांटी वेगळे मोजा.
3. त्या शब्दाला किती बाइट लागतील?

उत्तरे : (2) 10 (3) 30