बोटीचं सर्टिफिकेट परराज्यात चालतं का?

पाथर्डीची ओळख धरणापेक्षा टँकरशी जास्त. तरी शेजारच्या शेवगावला नाथसागराचं बॅकवॉटर लागतं, राहुरीला मुळा धरण आहे, आणि पोटासाठी परमुलखात जायची सवय तर तालुक्याला जुनीच. ऊसतोडीचा कोयता सोडून गोव्यात किंवा कर्नाटकात बोटीवर लागायचं, असं कुणी पोरगा म्हणाला की पहिला प्रश्न हाच: इथलं सर्टिफिकेट तिथं चालेल का? कागद तीन असतात. बोटीचा देशभर चालतो, माणसाचा विचारून घेतला तर चालतो, पाण्याचा मात्र जागचा हलत नाही.

काय करावे

- बोटीचं रजिस्ट्रेशन आधी बघावं. १९१७च्या जुन्या कायद्यात परराज्यात वेगळ्या मान्यतेची भानगड होती. २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा २०२२पासून लागू झाला. आता यांत्रिक बोटीचं एका राज्यातलं रजिस्ट्रेशन सगळ्या राज्यांत ग्राह्य.
- शिकायचं तर नावाजलेल्या ठिकाणी. पर्यटनाच्या बोटी आणि जीवरक्षणासाठी गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था, नदीतल्या मोठ्या जलयानांसाठी पाटण्याची राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्था. दोन्ही केंद्राच्या, त्यामुळे नाव सगळीकडे ओळखीचं.
- जिथं काम करायचं तिथल्या कचेरीत विचारावं. गोव्यात बंदर कप्तानांचं कार्यालय, आपल्याकडे महाराष्ट्र सागरी मंडळ. हातातला कागद पुरतो की वेगळा परवाना लागतो, हे कामावर रुजू होण्याआधी कळलेलं बरं.
- पाण्याचा मालक कोण ते शोधावं. धरण जलसंपदा विभागाचं. नाथसागर तर पक्षी अभयारण्यही आहे, म्हणजे वनखातंही आलं. चालकाचा कागद कितीही पक्का असो, या परवानग्या त्यात येत नाहीत.
- मूळ कागद जवळ ठेवावेत. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का आणि मुदत कधी संपते, हे गाडीत बसण्याआधीच बघावं.
- लेक-जावई अमेरिकेत असतील तर त्यांनाही सांगावं. तिथं ‘नॅस्बला’ या राज्यांच्या बोटिंग-कायदा अधिकाऱ्यांच्या संघटनेची मान्यता असलेला कोर्स बहुतेक राज्यं मानतात, पण वयाच्या आणि इंजिनाच्या अटी ज्याच्या त्याच्या. कॅलिफोर्नियात २०२५पासून इंजिनाची बोट चालवणाऱ्या प्रत्येक वयाच्या माणसाला कार्ड लागतं. फ्लोरिडाचं तात्पुरतं सर्टिफिकेट जेमतेम ९० दिवसांचं.

काय टाळावे

- कोर्सच्या सर्टिफिकेटला परवाना समजू नये. कोर्स केला एवढंच ते सांगतं. बोट हाकायचा अधिकार सक्षम अधिकाऱ्याच्या कागदानं मिळतो.
- धरणावरच्या अनुभवावर समुद्रात उतरू नये. अंतर्देशीय पाण्याचेसुद्धा झोन पडतात. समुद्राला भरती-ओहोटी आहे आणि कायदाही वेगळा.
- वल्ह्याच्या होडीला काही लागत नाही, असं धरून चालू नये. नव्या कायद्यात बिनइंजिनाच्या होड्यांचीही स्थानिक पातळीवर नोंद सांगितली आहे.
- ‘दोन दिवसांत सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नयेत. अपघात झाला की पहिली चौकशी त्याच कागदाची होते, आणि तेव्हा एजंटाचा फोन लागत नाही.
- वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आल्यावर बोट सोडू नये. २१ मे २०२४ला उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले.
- शिकलोय म्हणून पाण्याला गृहीत धरू नये. त्याच आठवड्यात आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत शोधकार्याला उतरलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली. त्यात तीन जवान गेले, आणि तेही प्रशिक्षण घेतलेलेच होते.
- जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नये. बक्कल लावून खांद्याशी धरून वर ओढावं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते ढिलं आहे. प्रवासी जास्त आणि जॅकेटं कमी असतील तर बोट हलवू नये. ‘एवढ्यानं काय होतंय’ असं मालक म्हणालाच, तर चावी त्याच्या हातात द्यावी आणि दुसरं काम बघावं.