पिवळ्या बोल्टची गोष्ट

तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारला मला 'सस्टेनेबल सप्लाय चेन' हा विषय आला. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे इंग्रजी व्याख्या पाठ करायला काहीच वेळ लागला नाही. पण तिचा अर्थ कळला तो भोसरीत, काकांच्या प्लेटिंग शॉपमध्ये!

काका बोल्ट, ब्रॅकेट यांना झिंक प्लेटिंग करून देतात. पूर्वी त्यावर पिवळी झाक असायची. ती हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या पॅसिव्हेशनची. स्वस्त, गंजाला पक्की, बारीक ओरखडा पडला तर स्वतःच भरून काढणारी. पण हे क्रोमियम कॅन्सर करतं. त्याचे तुषार वर्षानुवर्षं नाकात गेले तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं. काकांच्या एका जुन्या कामगाराच्या बोटांवर त्याचे व्रण अजून आहेत.

युरोपियन युनियनने २००० साली भंगारात जाणाऱ्या गाड्यांबद्दल निर्देश काढला आणि १ जुलै २००७ पासून नव्या गाड्यांच्या गंजरोधक कोटिंगमध्ये हे क्रोमियम बंद झालं. आता तुम्ही म्हणाल, ब्रसेल्सच्या कायद्याचा भोसरीशी काय संबंध? पण काकांचा बोल्ट चाकणच्या एका कंपनीत जायचा आणि तिथून असेंब्ली युरोपला. कंपनीचं पत्र आलं : ट्रायव्हॅलंट वापरा, नाहीतर ऑर्डर बंद.

ट्रायव्हॅलंटचं केमिकल महाग. पीएच जरा हलला, बाथमध्ये लोखंड उतरलं, की माल रिजेक्ट. पहिले काही महिने काका तोट्यात होते आणि जॉबवर्कचा रेट मात्र एक पैशाने वाढला नाही. केस स्टडीत हे पान नसतंच! तिथे मोठ्या कंपनीचा नफा असतो, खर्च कुणाच्या खिशातून गेला ते नसतं.

फायदा हळूहळू दिसला. सांडपाण्यातलं हेक्झाव्हॅलंट आधी बायसल्फाइट टाकून ट्रायव्हॅलंट करावं लागायचं, मग चुना टाकून गाळ बसवायचा. आता पॅसिव्हेशनच्या पाण्याला ती पहिली पायरीच लागत नाही. ज्या शेजाऱ्यांनी बदल केला नाही, त्यांची थोडी कामंही काकांकडे आली.

"म्हणजे परफॉर्मन्स सुधारला ना?" मी विचारलं.

"अगं, धंदा टिकला. वाढला असं लिहू नकोस."

मी तसंच लिहिलं. सरांना ते आवडलं, पण त्यांनी आकडे मागितलेत. काकांच्या २००७ च्या वह्या माळ्यावर आहेत. दिवाळीच्या सुट्टीत काढायच्यात.