सल्ला हवा तो परीक्षेपूर्वी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मुळे पदवीचा मार्ग लवचीक झाला. पण त्याचे नियम विद्यार्थ्याला समजावून सांगणार कोण? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबविणाऱ्याने ४० श्रेयांक मिळविले, तरी उन्हाळी सुटीत ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केल्याखेरीज त्यास प्रमाणपत्र मिळत नाही. ३ वर्षांच्या आत परतण्याची आणि कमाल ७ वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभाही आहे. घरच्या अडचणीमुळे गावी गेलेल्या मुलीपर्यंत हे पोहोचत नाही. सूचनाफलक महाविद्यालयातच राहतो. प्राध्यापकांकडे ठरावीक विद्यार्थी सोपविण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, बहुधा नोंदवहीपुरती. ही भेट परीक्षेपूर्वी व्हावी आणि गैरहजर विद्यार्थ्याच्या घरी मराठीतून पत्र जावे.