मोठे इंजिन बसवण्याचा धंदा : अमेरिकेतील दोन दुकानांचा धडा

गाडीत मोठे इंजिन बसवले की गाडी जोरात पळते, हे गॅरेजमधला नवशिका पोऱ्याही सांगेल. पण अशा कामातून धंदा कसा उभा राहतो आणि कशाने बसतो, हे समजून घ्यायचे तर आपल्याला १९६० च्या दशकातील अमेरिकेकडे पाहावे लागेल. फार मोठी नसलेली, दोन दारांची गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन, अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात.

त्या काळी जनरल मोटर्सने आपल्या मध्यम गाड्यांच्या इंजिनाला ३३० घनइंचांची मर्यादा घातली होती. तिच्या पॉन्टियाक विभागाने १९६४ साली ‘जीटीओ’ नावाचा जादा साहित्याचा संच काढला आणि त्यातून ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६,४०० सीसीचे इंजिन दिले. आपल्या जुन्या अॅम्बेसेडरचे पेट्रोल इंजिन १,४८९ सीसीचे होते, यावरून वाचकांना कल्पना येईल. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ खपल्या. गिऱ्हाईक आहे, हे सिद्ध झाले.

पुढचे पाऊल दुकानदारांनी टाकले. शेव्हरोलेच्या कॅमॅरोला कारखाना ४०० घनइंचांहून मोठे इंजिन देत नव्हता. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्ग येथील विक्रेते डॉन येन्को यांनी १९६७ पासून ३९६ च्या गाड्या घेऊन त्यांत ४२७ चे इंजिन बसवले व त्या स्वतःच्या नावाने विकल्या. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधील टास्का फोर्ड या दुकानाने ३९० च्या मस्टँगमध्ये ४२८ चे इंजिन उतरवले. एका मासिकाने त्यावर लेख छापला, वाचकांची मागणी फोर्डपर्यंत पोहोचली आणि एप्रिल १९६८ मध्ये फोर्डने स्वतःच ‘४२८ कोब्रा जेट’ बाजारात आणले. दुकानाने कारखान्याला वाट दाखवली!

या दोघांनी केलेली निवड पाहण्यासारखी आहे. ३९६ आणि ४२७ ही एकाच घराण्यातील इंजिने. ३९० आणि ४२८ यांचेही तसेच. बाहेरचे माप जवळजवळ सारखे, त्यामुळे माउंटिंग आणि गिअरबॉक्स यांच्याशी जुळवताना कापाकापी लागत नाही. इंजिनाचे घराणे बदलले की मजुरी वाढते आणि नफा तिथेच मुरतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. मोठे इंजिन जास्त तापते, म्हणून रेडिएटर मोठा हवा. जोर वाढला की क्लच, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल मजबूत हवेत. पुढचे वजन वाढले तर स्प्रिंगा बदलायला हव्यात आणि वेग वाढला की ब्रेक सुधारलेच पाहिजेत. नुसत्या इंजिनाचा भाव सांगून काम घेणारा कारागीर एकतर स्वतः तोट्यात जातो, नाहीतर गिऱ्हाइकाचा जीव धोक्यात घालतो. शिवाय काढलेल्या इंजिनात पैसा अडकतो तो वेगळाच. येन्को यांनी १९६९ साली कारखान्याच्या खास ऑर्डरच्या पद्धतीतून ४२७ बसवलेल्याच कॅमॅरो मागवल्या. दुकानातली उलाढाल वाचली, नाव मात्र येन्कोचेच राहिले.

मग हा बाजार का ओसरला? विम्याचे हप्ते भरमसाट वाढले. धुराविषयी १९७० चा कायदा आला. १९७३ साली तेलाचा तुटवडा झाला. इंजिनात खोट नव्हती. गाडी बाळगणेच महाग झाले होते.

आमच्या गॅरेजवाल्या वाचकांना यात घेण्यासारखे बरेच आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करण्यास मनाई आहे. तेव्हा ‘मोठे इंजिन टाकून द्या’ असे कोणी म्हणाले, तर पान्याला हात लावण्याआधी आर.टी.ओ. आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी. नियमात बसत नसेल तर काम नाकारावे. नाकारलेल्या कामाची मजुरी एकदाच बुडते. अपघातानंतर विम्याचा दावा फेटाळला गेला, तर दुकानाचे नाव कायमचे बुडते.