जाम झालेलं इंजिन बदलावं का?

प्रश्न : आजोबांची १९६८ची फियाट ११०० दहा वर्षं उभी आहे. इंजिन जाम झालंय. डिझेल इंजिन बसवू का?

उत्तर : मुळीच नको. पन्नाशी ओलांडलेली गाडी मूळ रूपात जपली, तर २०२१च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. इंजिन बदललंत की ती वाट बंद. आणि १०८९ सीसीचं हे इंजिन भलतं चिवट! सध्या स्टार्टरला हात लावू नका. चारही प्लग काढा, भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण थोडं थोडं सोडा, आठवडाभर मुरू द्या. मग प्लग न लावताच, चौथ्या गिअरमध्ये गाडी हलकेच मागेपुढे ढकला. चाक बोटभर फिरलं, तरी इंजिन सुटू लागलंय. जोर लावू नका, रिंगा तुटतात. सुटल्यावर आधी जुनं ऑइल काढा.