तोंड आलंय? आधी गोळ्यांची पिशवी आणा

"डॉक्टर, उष्णता वाढलीय. तोंड आलंय." सोरायसिसच्या पेशंटने असं म्हटलं की मी आधी त्याची गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावतो.

मागच्या उन्हाळ्यात साठीतले एक काका आले. मेथोट्रेक्सेट चालू होतं, फक्त रविवारी. गुडघ्यावरचे चट्टे वाढले तसं काकांनी परस्पर ठरवलं, रोज घेतली तर लवकर गुण येईल. आठवडाभरात तोंड आलं. घरच्यांनी गुलकंद दिला, सब्जाचं पाणी दिलं, मेडिकलवाल्याने बी-कॉम्प्लेक्स. माझ्याकडे आले तेव्हा थुंकीसुद्धा गिळवत नव्हती, चट्टे सोलवटून निघाले होते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरलेल्या. लगेच ॲडमिट केलं, उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड सुरू केलं. थोडक्यात वाचले.

मेथोट्रेक्सेट नव्या पेशी तयार होण्याला लगाम घालतं. तोंडाचं अस्तर भराभर बदलणारं, म्हणून झळ तिथे लवकर दिसते; त्याच वेळी हाडांतला मगजही सुकत असू शकतो. गुलकंदाने तो भरून येत नाही!

घाबरून गोळी कायमची सोडू मात्र नका. आठवड्याला एकदाच, ठरलेल्या तपासण्या करत घेतली तर बहुतेकांना ती वर्षानुवर्षं सोसते, आणि काकांसारखा प्रसंग विरळाच. घोटाळा होतो तो बहुधा घरात. सोबत दिलेली फोलिक ॲसिडची गोळीही अनेकदा तशीच बारीक, पिवळी. दोन्हींची अदलाबदल झालेले पेशंट मी पाहिलेत. शिवाय मेथोट्रेक्सेट मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं, मूत्रपिंड थकलं, की ते आत साठतं. अशात गुडघेदुखीची गोळी किंवा को-ट्रायमोक्साझोल स्वतःच्या मनाने घेणं म्हणजे आगीत तेल. दारूचं तर विचारूच नका. आणि मूल हवं असेल, तर गर्भ राहण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांशी बोला.

तोंड आलं, ताप भरला, अंगावर काळेनिळे डाग उठले, डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दाखवा. कोरडा खोकला आणि धाप लागली तरीही. कफ सिरप पीत आठवडा काढू नका. क्वचित या औषधाने फुप्फुसालाच सूज येते.

"साइड इफेक्ट नाही" म्हणून व्हॉट्सॲपवर विकली जाणारी पावडर घेऊनही लोक येतात. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पुडी बंद केली की सोरायसिस उसळतो, कधी अंगभर पू भरलेल्या पुटकुळ्या येतात, आणि मग "डॉक्टर, काहीतरी करा."

काकांची पाकिटं आता सुनेच्या कपाटात असतात. रविवारी ती एक गोळी हातावर ठेवते आणि कॅलेंडरवर फुली मारते. काका कुरकुरतात. कुरकुरू देत.